ताटात उदार, कागदात चिकट: सीमाभागातली सरकारी मराठी शाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांबद्दल बोलणारे दोनच प्रकारचे भेटतात. एक म्हणतात, आता पूर्वीची शाळा राहिली नाही. दुसरे म्हणतात, फुकटात मिळतंय, नावं कशाला ठेवायची. जूनमध्ये पोराचं नाव घालायला निघालेल्या घराला दोन्ही बोलण्यांचा काडीचा उपयोग नाही. म्हणून शाळा काय देते, घराकडून काय मागते आणि गाडं कुठं अडतं, ते इथे मांडलं आहे. हे कुठल्या एका शाळेचं परीक्षण नाही, सगळ्या व्यवस्थेचं आहे. मत आधीच सांगून टाकतो: ताटात ही शाळा उदार आहे, शिकवण्यात माणसागणिक बदलते आणि कागदात भलतीच चिकट आहे.

पहिला अडसर वयाचा. कर्नाटकात पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. २०२५-२६ साली सवलत मिळाली, यूकेजी केलेल्या पाच वर्षं पाच महिन्यांच्या मुलांना घेतलं गेलं, पण ती त्या वर्षापुरती होती. तिच्या भरवशावर बेत आखू नका. पलीकडे महाराष्ट्रात सहा वर्षं ३१ डिसेंबरपर्यंत भरली तरी चालतात. म्हणजे ऑक्टोबरातलं पोर चंदगडात पहिलीत बसतं आणि त्याच महिन्यात जन्मलेलं त्याचं आत्तेभावंड बेळगावात वर्षभर अंगणवाडीत थांबतं. यावरून हेडमास्तरांशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, तारीख त्यांनी ठरवलेली नाही.

आता कागद. मुलाचा जन्मदाखला, मुलाचं आणि आईवडिलांचं आधार, रेशन कार्ड, फोटो, आणि जात-उत्पन्नाचा दाखला असेल तर त्याचा आरडी नंबर, म्हणजे दाखल्यावर छापलेला क्रमांक. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा स्पष्ट सांगतो. तेव्हा कागद अपुरा असला तरी मुलाला बसवा. पण कागद अपुरा ठेवू मात्र नका, कारण त्याची किंमत पुढे दहावीपर्यंत मोजावी लागते.

सीमाभागात हमखास घोळ होतो तो जन्मदाखल्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, माहेर गडहिंग्लज, आजरा नाही तर चंदगडात. जन्माची नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत झालेली असते आणि बाळाच्या नावाचा रकाना कोराच राहिलेला असतो, कारण बारसं व्हायच्या आधी कागद निघालेला असतो. हा दाखला घेऊन बेळगावच्या महापालिकेत रांग लावून काही होत नाही. जिथे नोंद, तिथेच नाव चढतं. जन्मानंतर बारा महिन्यांत फुकट, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मे महिन्यात सगळेच मामाच्या गावी जातात, तेवढ्यात हे काम उरकून घ्यावं.

त्यानंतरचा क्रम महत्त्वाचा: आधी जन्मदाखला, मग त्याप्रमाणे आधार, मग शाळेतली नोंद, शेवटी बँक. लोक उलट्या बाजूने सुरू करतात. घाईत आधार काढतात, त्यावर आडनाव आधी आणि नाव नंतर येतं, शाळेत नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं जातं, आणि बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर राहतं. एकाच पोराची तीन माणसं होतात.

शाळेतली नोंद ‘सॅट्स’ या राज्याच्या संगणक प्रणालीत जाते. मुलाला एक नंबर मिळतो, तो शाळा बदलली तरी बदलत नाही, आणि दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना हीच नोंद वर येते. नाव इंग्रजीत आणि कन्नडमध्ये टाइप होतं. मराठी नावांची खरी परीक्षा इथे असते. ज्ञानेश्वरीचं इंग्रजी स्पेलिंग आपण ‘डी-एन-वाय’ने सुरू करतो, कन्नड वळणाचा माणूस ‘जे-एन’ने किंवा ‘जी-एन’ने करतो. चव्हाणांची तर चार रूपं सहज होतात. टाइप करणाऱ्याची चूक नसते, त्याच्या कानाला जे ऐकू येतं ते तो लिहितो. त्यामुळे नोंद झाली की हेडमास्तरांना पडद्यावरचं नाव दाखवायला सांगा, आधारशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा, आणि घरात कन्नड वाचणारं कोणी असेल तर त्याला कन्नड नावही वाचायला लावा. पहिलीत ही दुरुस्ती एका अर्जाचं काम असते. जन्मतारखेची चूक मात्र पुढे राहिली तर कोर्टाची पायरी चढायला लावते.

शिष्यवृत्तीची रक्कम अडते तीही बहुतेक इथेच. अर्ज राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर जातो. तिथे सॅट्स नंबर, आधार आणि दाखल्याचा आरडी नंबर यांची गाठ पडावी लागते. दाखला नाडकचेरीतून, म्हणजे जवळच्या महसूल कार्यालयातून, मुलाच्या नावाने काढा. उत्पन्नाचा दाखला पाच वर्षं चालतो, त्यानंतर नवा लागतो, आणि मुदत संपल्याचं कळतं ते नेमकं अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात. महाराष्ट्रातला जातीचा दाखला इथे चालत नाही. गटही वेगळे आहेत, मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३-बी गटात येतो. आणखी एक बारीक गोष्ट: बँकेत खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं आधारला जोडलं गेलं असं नाही. सरकारी रक्कम थेट जमा व्हावी यासाठी वेगळा फॉर्म असतो, तो भरला का हे काउंटरवर नाव घेऊन विचारा.

हे सगळं वाचून कुणाला धास्ती वाटली असेल तर आता ताटाकडे वळू. या शाळेची सगळ्यात जमेची बाजू तिथे आहे.

दुपारचं जेवण ‘अक्षर दासोह’ योजनेतून येतं. माप ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावीपासून वर १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. चाळीस लहान आणि वीस मोठी मुलं हजर असतील तर त्या दिवशी ७ किलो तांदूळ, १ किलो ४०० ग्रॅम डाळ आणि साडेतीन किलो भाजी शिजायला हवी. हा हिशेब पालकाने एकदा कागदावर मांडून ठेवावा. सांबार पाणीदार आहे अशी तक्रार करण्यापेक्षा ‘आज हजेरी किती आणि डाळ किती घातली’ असं विचारलं तर उत्तर मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी सांबारही बदलतं. भाजीत बटाटा आणि कोबीच पुन्हा पुन्हा दिसतो, कारण तो टिकतो. गावातून आठवड्याला एखादी पालेभाजीची पाटी आली तर स्वयंपाकघर ती आनंदाने घेतं.

शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी बहुतेक ठिकाणी उप्पीट. मुलांना ते भातापेक्षा जास्त आवडतं हे कुठल्याही शाळेच्या ओसरीवर उभं राहिलं की कळेल. वाढण्याआधी एका शिक्षकाने चव घेऊन वहीत सही करायची असते. ही वही पालकाला बघता येते. सलग तीन शाळेचे दिवस जेवण मिळालं नाही तर जबाबदारी निश्चित करण्याची तरतूद मध्यान्ह भोजनाच्या २०१५ च्या नियमांत आहे.

दूध ‘क्षीर भाग्य’चं, १ ऑगस्ट २०१३ ला सुरू झालेलं. १८ ग्रॅम पावडरीचं १५० मिलिलिटर दूध एका मुलाला. वर धरलेल्या साठ मुलांना मिळून १ किलो ८० ग्रॅम पावडर आणि नऊ लिटर दूध. दुधाला पोरं नाकं मुरडतात त्याचं कारण बहुतेक वेळा पावडर नसते, ती कालवण्याची पद्धत असते. उकळत्या पाण्यात पावडर थेट ओतली की गुठळ्या होतात. गुठळी तळाशी बसते, करपते, आणि सगळ्या पातेल्याला वास लागतो. कोमट पाण्यात आधी पेस्ट करून, गाळून, मग गरम पाण्यात सोडली तर तीच पावडर निमूट विरघळते. २०२४ पासून आठवड्यात तीन दिवस यात नाचणीचं मिश्रण घालतात. नाचणी आल्यापासून कप रिकामे परत जाण्याचं प्रमाण वाढलं, असं स्वयंपाकघरातल्या बायका सांगतात, आणि त्यांचं ऐकावं.

अंडं किंवा केळं हा अलीकडचा भाग. २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनची मदत आली आणि आठवड्यातले दोन दिवस सहा झाले. मूल अंडं खात नसेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षिकेला तसं सांगा, म्हणजे त्याच्या नावापुढे केळं लागतं. हे न सांगता ‘आमच्यात चालत नाही’ म्हणून ऑगस्टात भांडायला जाणारे पालक दर वर्षी असतात. अडचण आहे ती भावाची. योजना आली तेव्हा एका अंड्यामागे ६ रुपये धरले होते, उकडण्या-सोलण्याच्या खर्चासकट. थंडीत अंड्याचा बाजार चढला की वरचे पैसे हेडमास्तरांच्या खिशाला लागतात. याला सेवा म्हणायचं की सक्तीचा धर्मादाय, ते वाचकाने ठरवावं.

आठवड्याची लोहाची गोळी जेवणानंतरच देतात: पाचवीपर्यंत गुलाबी, सहावीपासून निळी. शौचाला काळपट होतं, घाबरू नये. जंताची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास. त्या दिवशी मूल तापाने फणफणत असेल तर नंतरच्या फेरीत घ्यावी. मुलाने न जेवता गोळी घेतली की मळमळ होते आणि गावभर बोभाटा होतो. म्हणून त्या दिवशी पोराला उपाशी पाठवू नका, एवढंच.

पुस्तकं फुकट. कर्नाटकचा पाठ्यपुस्तक विभाग सात माध्यमांत पुस्तकं छापतो, त्यात मराठी आहे. दप्तर हलकं व्हावं म्हणून आता पहिला भाग आणि दुसरा भाग वेगळे येतात. मराठी पुस्तकांचे गठ्ठे उशिरा पोहोचण्याची तक्रार जुनी आहे, आणि ती रास्त आहे. थोड्या प्रतींचं माध्यम नेहमी मागे राहतं. त्यावर दोन उपाय आहेत. विभागाच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळतात, आणि वरच्या वर्गातल्या मुलाची जुनी पुस्तकं मार्चमध्येच मागून ठेवता येतात. एक मात्र करू नका. कोल्हापूर-गडहिंग्लजच्या बाजारातून बालभारतीची गाईडं आणू नका. भाषा मराठीच आहे, पण पाठ वेगळे, गणिताचा क्रम वेगळा, परिसर अध्ययनात तर जिल्हेच वेगळे. पोर घरी एक पाठ करतं आणि परीक्षेत दुसरंच विचारतात.

गणवेशाचे दोन जोड मिळतात. बऱ्याचदा कापड मिळतं, शिलाई घरची. कापड वर्गाच्या मापाने येतं, पोराच्या मापाने नाही. अंगाने भरलेल्या मुलाला चौथीचं कापड पुरत नाही, तेव्हा शिंप्याकडे टाकण्याआधी मोजून घ्या. बुटांचे पैसे शाळेच्या समितीकडे येतात: पाचवीपर्यंत मुलामागे २६५ रुपये, सहावी ते आठवी २९५, त्यात काळ्या बुटांचा एक जोड आणि पांढऱ्या मोज्यांचे दोन. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, कणकुंबी-जांबोटीच्या पावसात, हे बूट ऑक्टोबरपर्यंत खुंटीलाच टांगलेले असतात. हवामान पाहून बुटांऐवजी सँडल घेण्याची मोकळीक समितीला आहे. ती वापरावी असा ठराव पालकांनी जूनच्या बैठकीतच मांडायला हवा, खरेदी झाल्यावर नाही.

इथे समितीबद्दल. एसडीएमसी, म्हणजे आपली शाळा सुधारणा समिती, ही शोभेची नाही. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बायका. बुटांची खरेदी, अनुदानाचा खर्च, स्वयंपाकघरावर देखरेख तिच्याकडे येते. गावातल्या पुढाऱ्याला अध्यक्ष केलं की तो ध्वजवंदनाला येतो आणि पुढच्या ध्वजवंदनापर्यंत दिसत नाही. ज्यांची पोरं त्या शाळेत रोज जेवतात अशी माणसं निवडा, आणि त्यात एक तरी कन्नड वाचणारा असू द्या. शिक्षण खात्याची पत्रं कन्नडमध्ये येतात. ‘कळलं नाही’ म्हणून सही करून मोकळं होणाऱ्या समितीचे पैसे मार्चअखेर परत जातात.

आठवीपर्यंत फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, सक्तीची देणगी नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये पालकांकडून महिन्याला १०० रुपये स्वेच्छेने घेण्याचं परिपत्रक निघालं होतं, ते ओरड झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतलं गेलं. गावाने स्वतःहून वर्गणी काढून कौलं बदलली तर उत्तमच, फक्त पावती घ्या.

शिकवण्याबद्दल सरसकट बोलणं अन्यायाचं होईल. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन. आता पाच इयत्ता आणि दोन शिक्षक म्हणजे काय होतं ते पाहा: एक बाई पहिली-दुसरी-तिसरी एका खोलीत घेतात, दुसरे सर चौथी-पाचवी घेतात, आणि त्यातले एक जण आठवड्यातून एक-दोन दिवस बैठकीला किंवा माहिती भरायला तालुक्याला. जागा रिकामी असली तर अतिथी शिक्षक येतात, पण त्यांची नेमणूक वर्षापुरती असते आणि शाळा सुरू झाल्यावर होते. म्हणून शाळा बघायला जाताना इमारतीचा रंग बघू नका. कायम शिक्षक किती, अतिथी किती, आणि कन्नडचा तास कोण घेतं, हे तीन प्रश्न विचारा.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकात पहिली ते दहावी कन्नड शिकणं सक्तीचं आहे, मराठी माध्यमातही. त्यावर चावडीवर काय बोलायचं ते बोला, पण पोराला कन्नड यायलाच हवं. बस, नाडकचेरी, दवाखाना, पुढची नोकरी, सगळीकडे ते लागतं. जिथे कन्नडचे स्वतंत्र शिक्षक आहेत तिथली चौथीतली मुलं बसची पाटी वाचतात. जिथे नाहीत तिथे तो तास फळ्यावरचं उतरवून काढण्यात जातो, आणि हायस्कूलला गेल्यावर पोर गणितात नव्हे, कन्नडमध्ये मागे पडतं. मराठी वाचवण्यासाठी मराठी शाळा निवडली असेल तर कन्नडचा शिक्षक मागणं हाही त्याच कामाचा भाग आहे.

पहिली-दुसरीला गृहपाठ द्यायचा नाही आणि दप्तर दोन किलोच्या आत ठेवायचं, असा राज्याचा नियम आहे. महिन्याचा तिसरा शनिवार बिनदप्तराचा. तेव्हा ‘बाई अभ्यासच देत नाहीत’ ही तक्रार पहिलीपुरती सोडून द्या.

सुट्ट्यांचा घोळ सीमाभागातल्या घरांना चांगला ठाऊक आहे. इथली शाळा मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत उघडते, पलीकडची जूनच्या मध्यावर. इथली मधली मोठी सुट्टी दसऱ्याला, तिकडची दिवाळीला. दिवाळीत मामाकडे आठवडाभर राहायचं ठरवलं की इथली हजेरी बुडते. जुलैत अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकारी तालुकावार जाहीर करतात. बुडालेले तास पुढे शनिवारी भरून काढतात, त्याची सूचना बहुधा मुलांच्या तोंडीच घरी येते, तेव्हा शनिवारी पोर उशिरा आलं म्हणून लगेच शोधायला निघू नका.

नाव घालतानाच शाळा कितवीपर्यंत आहे ते विचारून घ्या. काही पाचवीला संपतात, काही सातवीला, काही आठवीला. पुढची शाळा लांब असेल तर मुलींना ‘शक्ती’ योजनेमुळे साध्या बसचा प्रवास राज्यात फुकट आहे, मुलांना सवलतीचा पास राज्याच्या ‘सेवा सिंधू’ पोर्टलवर अर्ज करून मिळतो.

आणि टीसी. शाळा सोडल्याचा दाखला मागितला की तो लगेच द्यावा लागतो, आणि तो हातात नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. राज्यातल्या राज्यात एवढ्यावर भागतं. महाराष्ट्रात जायचं असेल तर टीसीवर बीईओंची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची, प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवा, नंतर तेवढ्या सहीसाठी बेळगाव-चिक्कोडीची फेरी पडते. त्याशिवाय मुलाचा ‘पेन’ नंबर, म्हणजे देशभर चालणारा कायमचा शिक्षण क्रमांक, दाखल्यावर लिहून घ्या, आणि निघण्याआधी शाळेने संगणकावरून मुलाचं नाव सोडलं का ते विचारा. नाव इथेच अडकलेलं असेल तर तिकडची शाळा मुलाला वर्गात बसवते, पण तिच्या यादीत त्याला चढवता येत नाही.